रिव्हर्सिंग स्टेशन ही चूक होती का?

पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत खिडकीजवळ बसलात, तर खंडाळा सोडल्यावर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. उतारावर गाडी मध्येच थांबते. स्टेशन नाही, सिग्नल बिघडलेला नाही, फेरीवालाही चढत नाही. मिनिटभर थांबून ती पुन्हा निघते. उलट दिशेने येताना कर्जतला थांबते, आपण वडा घेतो आणि तेवढ्यात मागून धक्का बसतो. मागे ढकलायला जादा इंजिन लागलेलं असतं. या दोन थांब्यांचं कारण एकच आहे आणि आजची पोस्ट तिथूनच सुरू होते. ती जाते मात्र त्याच घाटात गवत-झुडपांखाली पडून असलेल्या एका रेल्वेमार्गाकडे. गेल्या ९५ हून अधिक वर्षांत त्यावरून एकही गाडी गेलेली नाही.

आधी थोडं माझ्याबद्दल, कारण पुढे माझी फजिती सांगायची आहे. मी भूशास्त्रात एम.एस्सी. केलं. पीएचडीचा विषय जुन्या बांधकामांतल्या बेसॉल्ट दगडाची झीज. म्हणजे शंभर-दीडशे वर्षं पाऊस खाल्लेल्या दगडाचं काय होतं, एवढंच. त्यासाठी जुने पूल, कमानी, भिंती बघत फिरावं लागतं. बोरघाटात (इंग्रजी कागदांत त्याचं भोर घाट झालं आहे) मी अशीच पोचले. इतिहास माझा विषय नव्हता. ‘थोडी पार्श्वभूमी लिहावी लागेल, दोन पानांत होईल’ अशा समजुतीत होते. तुमच्यापैकी जे सिनॉप्सिस लिहायला बसले आहेत, त्यांनी हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

जुन्या हायवेने खोपोलीकडून घाट चढत खंडाळ्याकडे आलात, की वरच्या अंगाला, अमृतांजन पॉइंटच्या परिसरात, डोंगराच्या सोंडेवर एक विचित्र सपाटी दिसते. निसर्गात अशी सपाटी सहसा नसते. सह्याद्रीत सपाट पायऱ्या असतात, पण त्या लाव्हाच्या थरांनुसार दूरवर पसरलेल्या असतात. ही लांबट, अरुंद आणि मध्येच संपणारी आहे. हे जुनं रिव्हर्सिंग स्टेशन. खालून चढत आलेली गाडी या सोंडेवर यायची आणि थांबायची, कारण पुढे दरी. मग इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला जोडलं जायचं आणि गाडी उलट्या दिशेने, पण वरच्या अंगाने, पुढचा चढ चढायची. इंग्रजी झेड अक्षर आडवं गिरवल्यासारखं.

विभागात पहिलं प्रेझेंटेशन होतं तेव्हा मी या जागेचा फोटो लावून खाली ठसठशीत लिहिलं: ‘मूळ आखणीतली चूक, १९२९ मध्ये दुरुस्त.’ मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. माझे गाइड सर स्लाइडकडे बघत राहिले आणि म्हणाले, “तू कुठल्या सालात उभी राहून हे म्हणतेयस?” मी म्हटलं, “म्हणजे सर?” ते म्हणाले, “१८५६ मध्ये दुसरं काय करता आलं असतं, ते सांग. मग चूक म्हण.” मला एकही पर्याय सांगता आला नाही. पुढचे चार महिने त्या एका प्रश्नात गेले. त्यातून जे हाती लागलं ते तुम्हाला सांगते.

सुरुवात साध्या भागाकाराने करू, कारण तो कोणालाही जमतो आणि मी तोही केला नव्हता. पळसदरीजवळच्या पायथ्यापासून खंडाळ्याच्या माथ्यापर्यंत रेल्वेला १८३१ फूट चढायचं होतं. म्हणजे सुमारे ५५८ मीटर. जास्तीत जास्त चढ ठरला १ : ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. ५५८ गुणिले ३७ करा. साडेवीस किलोमीटरहून जास्त येतात. अख्खा मार्ग सलग कमाल चढावर ठेवला तरी इतकी लांबी लागणारच. पायथा ते माथा सरळ रेषेतलं अंतर त्याहून बरंच कमी आहे. मग उरलेली लांबी डोंगरात कुठेतरी ‘जिरवावी’ लागते: वळसे घालून, नाहीतर उलटसुलट जाऊन. प्रत्यक्षात घाटमार्ग सुमारे साडेपंचवीस किलोमीटरचा झाला आणि सरासरी चढ १ : ४६ च्या आसपास आला.

पण चढ १ : ३७ च का? आणखी खडा का नाही? इथे फिजिक्सवाल्यांनी पुढे यावं. अशा चढावर प्रत्येक टनामागे फक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्धच २७ किलोचा ओढ लागतो. समजा ३०० टनांची गाडी आहे, तर आठ टनांहून थोडा जास्त. हा ओढ इंजिनाच्या चाकांची रुळावर जेवढी पकड असेल तेवढाच मिळतो. चाकांवर ५० टन भार असेल आणि कोरड्या रुळावर त्याच्या पाचव्या हिश्शाइतकी पकड धरली, तर दहा टन मिळतात. जेमतेम भागलं. आता घाटातला जुलै आठवा. रूळ ओला, वर शेवाळलेला पालापाचोळा. पकड निम्म्यावर आली की चाकं जागच्या जागी गरगरतात आणि गाडी हलत नाही. म्हणून रुळावर रेती टाकायची सोय इंजिनात असते. चढताना ही अडचण, उतरताना याच्या उलट. गाडी सुटली तर थांबवायची कशी? म्हणून घाटात कॅच सायडिंग असतात, म्हणजे डोंगराकडे वर चढत जाणारे आंधळे फाटे. ताबा सुटलेली गाडी तिकडे वळते आणि चढावर तिचा वेग मरतो. पुण्याहून येताना आपली गाडी अधेमधे थांबते ती याचसाठी. चालकाच्या ताब्यात गाडी आहे हे त्या थांब्याने सिद्ध होतं, मगच पुढचा मार्ग मिळतो.

म्हणजे चढ वाढवता येत नव्हता आणि लांबी तर हवीच होती. उरला तिसरा पर्याय: डोंगराला वळसा घालायच्या ऐवजी सरळ लांब बोगदा खणायचा. १९२९ च्या सुमारास हेच केलं ना, मग १८५६ मध्ये का नाही? माझ्या डोक्यात नेमका हाच प्रश्न होता आणि मी तोच ‘चूक’ या शब्दात कोंबला होता.

१८५६ मध्ये बोगदा कसा खणत होते ते बघा. आल्फ्रेड नोबेलने डायनामाइटचं पेटंट घेतलं १८६७ मध्ये. बोरघाटाची रेल्वे १८६३ मध्ये पुरीसुद्धा झाली होती. म्हणजे इथला प्रत्येक सुरुंग साध्या तोफेच्या दारूचा. भोक पाडायचं ते हाताने: एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा. आणि दगड कोणता? घट्ट बेसॉल्ट. मी प्रयोगशाळेत डायमंड ब्लेडने त्याचे तुकडे करते तेव्हाही ब्लेड कुरकुरतं. त्याच काळात युरोपात, फ्रान्स आणि इटलीच्या मध्ये, आल्प्सखालून फ्रेज्यूसचा लांब बोगदा चालू होता. तिथे दाबलेल्या हवेवर चालणारी नवी यंत्रं आणली होती, दोन सरकारांचं पाठबळ होतं, तरी १८५७ मध्ये सुरू झालेला बोगदा वाहतुकीला खुला झाला १८७१ मध्ये. बोरघाटाचं काम १८५६ च्या सुरुवातीला सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाड्या धावल्या. त्यांच्याकडे चौदा वर्षं नव्हती. कंपनीला भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी होती आणि ती इथल्या महसुलातून भरली जात होती. मुंबईच्या व्यापाऱ्यांना दख्खनचा कापूस बंदरात हवा होता.

त्यामुळे त्यांनी एक मोठा बोगदा टाळून पंचवीस छोटे खणले. या पंचवीस बोगद्यांची मिळून लांबी चार हजार यार्डांच्या आसपास. सरासरी काढली तर एकेक दीडशे मीटरचासुद्धा भरत नाही. तुलनेला ठाण्याजवळचा पारसिकचा बोगदा घ्या: १९१६ मध्ये झाला, एकटाच सुमारे १.३ किलोमीटर. मधल्या पन्नास वर्षांत काय बदललं हे या दोन आकड्यांतच आहे. बोगद्यांच्या जोडीला आठ मोठे दगडी पूल आले. आणि जिथे वळण घ्यायला एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, तिथे वळणच घ्यायचं नाही असं ठरलं. गाडी थांबवा, इंजिन फिरवा, उलट न्या. हे रिव्हर्सिंग स्टेशन. जी.आय.पी. रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांनी १८६० मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्ससमोर या रेल्वेवर निबंध वाचला होता. तो जरूर वाचा. घाट पुरा झालेला बघायला ते राहिले नाहीत, १८६२ मध्येच वारले.

म्हणजे ते स्टेशन चूक नव्हतं. तोफेची दारू, हाताची पहार, वाफेचं इंजिन आणि घाईत असलेले भागधारक या चार गोष्टी धरल्या, तर ते अगदी तर्कशुद्ध उत्तर होतं. त्याची किंमत मात्र पुढे साठ-पासष्ट वर्षं रोज मोजावी लागली. सोंडेवरच्या सपाटीत मावेल तेवढीच लांब गाडी नेता येणार आणि प्रत्येक गाडीमागे इंजिन सोडणं-जोडणं आलं. वाहतूक कमी होती तोवर चाललं, वाढल्यावर तेच स्टेशन गळ्याला आलं. १९२९ मध्ये नवी आखणी आणि नवे बोगदे वापरात आले, कल्याण-पुणे मार्गावर वीज आली, चालकांनी ज्यांना ‘खेकडा’ म्हटलं ती विजेची मालगाडी-इंजिनं आली आणि १ जून १९३० ला दख्खनची राणी धावली. रिव्हर्सिंग स्टेशन सुटलं. पण एक मजा बघा: १ : ३७ चा चढ आजही तसाच आहे. म्हणूनच कर्जतचा धक्का अजून बसतो. एक अडचण बोगद्यांनी सोडवली, दुसरी तिथेच राहिली. ‘जुनं वाईट, नवं चांगलं’ असा सरधोपट हिशेब इथे बसत नाही.

आता माझी दुसरी चूक. ही खास माझ्या विषयातली, म्हणून जास्त लागली. एका जुन्या दगडी खांबाच्या झिजेवर मी टिपण लिहिलं आणि वय टाकलं ‘१८६३ पासून’. मार्ग १८६३ चा, म्हणजे दगड १८६३ चा. सोपं. नंतर कळलं की घाटातला एक मोठा पूल, इंग्रजी कागदांत ज्याचं नाव ‘महू-के-मल्ली’सारखं काहीतरी लिहिलेलं असतं, १९ जुलै १८६७ ला कोसळला होता. उद्घाटनानंतर जेमतेम चार वर्षांनी, ऐन पावसाळ्यात. चौकशीत बांधकामाच्या दर्जावर बोट ठेवलं गेलं, मग तिथे नवीन बांधकाम झालं. म्हणजे एकाच मार्गावर दोन वेगवेगळ्या वर्षांचा, वेगवेगळ्या दर्जाचा दगड उभा असू शकतो आणि मी सगळ्याला एकच जन्मतारीख देऊन मोकळी झाले होते. टिपण फेकलं. आधी कागद, मग हातोडी, हा क्रम तेव्हापासून पाळते.

तारखांचा असाच घोळ ५ एप्रिल २०२० ला सगळ्यांनी बघितला. लॉकडाउनमध्ये एक्सप्रेसवेवरचा अमृतांजन पूल स्फोटाने पाडला. बातम्यांत ‘१८३० सालचा’ आणि ‘रेल्वेच्या काळातला’ ही दोन्ही विशेषणं शेजारी शेजारी सुखाने नांदत होती. १८३० हे बोरघाटातल्या गाडीरस्त्याचं साल, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळातलं. भारतात पहिली प्रवासी गाडी बोरीबंदर ते ठाणे धावली ती १६ एप्रिल १८५३ ला. त्या सालाचा रेल्वेशी संबंध असणं शक्यच नाही. हे तपासायला ग्रंथालयसुद्धा लागत नाही, दोन तारखा शेजारी ठेवल्या की पुरतं. तरी ते वाक्य किती जणांनी पुढे ढकललं, त्यात मीही होते.

इथपर्यंत सगळं अभियंत्यांचं झालं. पण त्या सपाटीवर उभं राहिलं की दुसरा प्रश्न पिच्छा सोडत नाही: पहार कोणी धरली होती?

पहिले कंत्राटदार विल्यम फेव्हिएल. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा झाला, युरोपियन कर्मचाऱ्यांवर हल्ले झाले. मजूर मुकादमांमार्फत कामाला लावलेले, मधल्या प्रत्येक हातात पैसे अडकायचे आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचायचेच नाहीत. त्याच वर्षी फेव्हिएल यांनी काम सोडलं. पुढे सॉलोमन ट्रेडवेल आले आणि भारतात पोचल्यावर काही आठवड्यांतच आजारपणात गेले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःकडे घेतलं, अ‍ॅडमसन आणि क्लाउजर या दोघा अभियंत्यांकडे व्यवस्था सोपवली आणि काम तडीस नेलं. ही हकिकत आता बऱ्याच ठिकाणी येते आणि यायलाच हवी. पण १८६१ मध्ये ऐन कामाच्या वेळी घाटात ४२ हजारांहून जास्त माणसं राबत होती. त्यांतले किती तरी उभ्या कड्यावर पहिलं पाऊल ठेवायला जागा मिळावी म्हणून दोरांना लटकून सुरुंगाची भोकं पाडत होते. पटकीच्या साथी येत होत्या. त्या माणसांची कागदावरची ओळख म्हणजे एक आकडा, तोही रोजच्या हजेरीचा. मजुरांच्या बाजूने हा इतिहास वाचायचा असेल तर इयन कर यांचं ‘बिल्डिंग द रेल्वेज ऑफ द राज’ हे पुस्तक घ्या. माझ्या गाइडनी ते दिलं तेव्हा ‘माझा विषय दगड आहे’ असं मी म्हटलं होतं. दगड कुणीतरी फोडलेला असतो, हे तेव्हा सुचलं नाही.

कागदात नाव नाही, पण घाटात एक नाव आहे. खोपोलीकडून चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ट्रकवाले वेग कमी करून नाणं टाकतात. गोष्ट अशी सांगतात: इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली, बक्षीस काय हवं विचारल्यावर त्याने स्वातंत्र्य मागितलं आणि त्याला गोळी घातली. कोणी ही गोष्ट गाडीरस्त्याची सांगतो, कोणी रेल्वेची. ती पुरावा म्हणून प्रबंधात टाकता येणार नाही. पण ‘अंधश्रद्धा’ म्हणून बाजूला टाकली तरी काहीतरी हातचं जातं. बोरघाटाची वाट इंग्रजांनी शोधली नाही. घाटमाथ्यावरची कार्ल्याची लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत आणि तिथे दान देणाऱ्यांत व्यापारी आहेत. वाट आधीपासून वाहती होती, ती गुरं राखणाऱ्यांना आणि लमाणांना पायाखालची होती. सर्व्हेच्या नकाशात ती माहिती कोणाकडून आली हे लिहिलेलं नसतं. गोष्टीत लिहिलेलं आहे. मी प्रबंधात तिला तळटीप दिली आहे, ‘स्थानिक आठवण’ म्हणून. सरांनी खोडली नाही.

आता हे वाचून कोणी शनिवारी निघणार असेल तर थांबा, दोन गोष्टी ऐका. घाटातले रूळ जिवंत आहेत. चालू मार्गावर किंवा रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कायदा सोडा, बोगद्यात वळणावर गाडीचा आवाज कोणत्या बाजूने येतोय ते खरंच कळत नाही. जुन्या, सोडलेल्या बोगद्यांतही छताचे दगड सुटलेले असतात. बंद खाणींबाबत तर बोलायलाच नको, आत हवा खेळत नसते आणि प्राणवायू कमी झालेला नाकाला कळत नाही. संशोधनासाठी जायचं असेल तर विद्यापीठाचं पत्र घेऊन रीतसर परवानगी काढा. माझी यायला तीन महिने लागले, तोवर वाचून घेतलं. नुसतं बघायचं असेल तर जुन्या हायवेवरून दिसतं आणि गाडीच्या खिडकीतूनही दिसतं. डिसेंबर-जानेवारीत जा, गवत वाळलेलं असतं आणि जुन्या मार्गाची आडवी रेघ उघडी पडते. पावसाळ्यात फक्त धबधबे दिसतील. जाताना नकाशावर उंचीच्या रेषा असलेला कागद घ्या आणि ती रेघ कुठून कुठे चढते ते बोटाने गिरवून बघा. अर्धं प्रकरण तिथेच समजतं. वेळ असेल तर खोपोली लोकलनेही एकदा जा. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली होती आणि १८५८ मध्ये पलीकडे खंडाळा ते पुणे सुरू झाली होती. मधली पाच वर्षं लोक खोपोलीला उतरून पालखीत, तट्टावर किंवा पायी घाट चढून वर दुसरी गाडी धरत होते. खोपोलीला उतरून मान वर केलीत की, ते लोक काय बघत असतील ते कळतं.

माझी ती स्लाइड अजून आहे. ‘चूक’ खोडून तिथे ‘१८५६ च्या साधनांत शक्य असलेली आखणी, १९२९ मध्ये कालबाह्य’ असं लिहिलं आहे. सरांनी ती परवा पुन्हा बघितली आणि विचारलं, “इंजिन फिरवायला नेमकी किती मिनिटं जात होती?” सध्या मी १९२९ च्या आधीची जुनी वेळापत्रकं शोधतेय.